डाग आणि तीळ

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने हौसेचे सामान स्वतःच्या पगारातून घेतलेले नसावे. हौसेला मोल नसेल, पण तिच्या सामानाला असते. आणि आजकाल ते एकदा देऊन सुटका होत नाही, दरमहा द्यावे लागते. फोटोंवर काम करायचे सॉफ्टवेअर शोधायला निघालो तेव्हा आम्हाला हे पहिल्यांदा कळले.

आम्ही माणगावात राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून गेली. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ८ हजार रुपये मानधन मिळे. त्या काळात लागलेली एक सवय अजून सुटलेली नाही. कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी तिची किंमत पाहायची आणि मग ती आपल्याला नेमकी कशाला हवी आहे, हे स्वतःला विचारायचे. फोटोची हौस लागली ती शाळेमुळे. स्नेहसंमेलनाचे, सहलीचे फोटो मोबाइलवर काढायचे काम आमच्याकडे आले. कोणाचा चेहरा काळवंडलेला, कोणाच्या डोक्यामागून खांब उगवलेला. तेवढे दुरुस्त करता आले तर बरे, एवढीच सुरुवातीची इच्छा होती.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि आमच्या तालुक्यालाही झोडपून गेले. घराचे पत्रे उडाले. माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात पाणी गेले. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती आणि लॉकडाऊनमुळे शाळाही बंद होती. पेटी उघडली तेव्हा जुने दस्तऐवज, पत्रे आणि चाळीसेक फोटो एकमेकांना चिकटून बसले होते.

कोकणी मुसलमानांच्या घरात जुने फोटो तसे कमीच. काही घरांत वडीलधाऱ्यांना फोटो काढणे पसंत नव्हते, काही घरांत परवडत नव्हते. जे आहेत ते बहुतेक कोणत्या तरी कार्यालयाने मागितले म्हणून काढलेले. जहाजावरच्या नोकरीसाठी, कुवेत-दुबईच्या पासपोर्टसाठी, हजच्या कागदपत्रांसाठी. बायकांचे तर त्याहून कमी. आमच्या दादीचा एकच फोटो होता, ती जहाजाने हजला गेली तेव्हाचा. मुंबईहून हजला जाणारी जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. दादी त्याच्या काही वर्षे आधी गेली होती. पासपोर्टाच्या आकाराचा कृष्णधवल फोटो. पाण्याने त्याचा एक कोपरा पार गेला होता आणि चेहऱ्यावर तपकिरी डाग पडले होते. हौस होती ती त्या दिवसापासून गरज झाली.

लॉकडाऊन सैल झाल्यावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक जुना संगणक मागवला. चार जीबीचा, वयस्क, पण निरोगी. तो जोडून द्यायला आलेल्या गृहस्थांना फोटोचे काम सांगितले, तसे ते म्हणाले, "सर, फोटोशॉप टाकून देतो. पाचशे रुपये द्या. एवढी महाग वस्तू विकत कोण घेतं?"

आम्ही नको म्हटले. त्यांना आश्चर्य वाटले, थोडा रागही आला असावा. पण दरवर्षी मार्च महिन्यात आम्ही परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक म्हणून फिरतो आणि पोरांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढतो. कॉपीमुक्त परीक्षेची शपथ आम्हीच मुलांना देतो. त्याच मुलांसमोर दुसऱ्या प्रकारची कॉपी मांडून बसायचे, हे काही जमले नसते. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, पिशवीत भरता येत नाही, म्हणून ते कोणाच्या मेहनतीचे नाही असे होत नाही. शिवाय कुलूप तोडून आणलेल्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकात आणखी कोण शिरेल, याचाही भरवसा नसतो.

फोटोशॉपबद्दल आमच्या मनात अढी नाही. अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी ते घडवले आणि अडोबी कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले. आज 'फोटोशॉप करणे' हे क्रियापदच झाले आहे. २०१२ च्या आवृत्तीपर्यंत ते एकदा पैसे मोजून कायमचे घेता येत असे. २०१३ पासून नव्या आवृत्त्या वर्गणीवर मिळू लागल्या. म्हणजे घर विकत घेण्याऐवजी भाड्याने राहायचे. ज्याचे पोट त्या कामावर चालते त्याला भाडे परवडते, कारण ते धंद्यातून निघते. महिन्यातून दोन रविवार फोटो घेऊन बसणाऱ्याने उरलेल्या अठ्ठावीस दिवसांचे भाडे का भरावे, हा आमचा साधा हिशेब. याच कंपनीचे 'फोटोशॉप एलिमेंट्स' हे हौशी लोकांसाठीचे धाकटे भावंड आहे. तेही २०२४ च्या अखेरीपासून तीन वर्षांच्या मुदतीवर मिळते.

तेव्हा आम्ही पाठ काढताना करतो तसे केले. कागद घेतला आणि आपली गरज लिहून काढली. एक, डाग आणि भेगा भरता याव्यात. दोन, जुन्या संगणकावर आणि इंटरनेटशिवाय चालावे, कारण पावसाळ्यात आमच्याकडे रेंज कधी जाईल ते सांगता येत नाही. तीन, फोटोखाली उर्दूत आणि मराठीत नाव लिहिता यावे. चार, उद्या पैसे देणे थांबले किंवा कंपनी बंद झाली, तरी आपले काम आपल्या हातात राहावे. नावाजलेले सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न यादीत नव्हताच. दुकानात जाण्याआधी यादी केली की निम्मा खर्च वाचतो, हे आमच्या अम्मीचे किराण्याचे सूत्र इथेही लागू पडले.

पहिली ओळख झाली ती इरफानव्ह्यूची. नाव वाचूनच आम्ही थबकलो. बोस्नियातल्या यायत्से गावच्या इरफान श्किल्यान या तरुणाने ते तयार केले आणि १९९६ मध्ये लोकांपुढे ठेवले. इरफान म्हणजे ओळख, ज्ञान. फोटो पाहणे, कापणे, फिरवणे, शंभर फोटोंचा आकार एका दमात लहान करणे, ही कामे ते झटपट करते. घरगुती वापराला आणि शाळांना ते मोफत आहे, धंद्यासाठी वापरणाऱ्याने पैसे द्यावेत अशी अट आहे. ही वाटणी आम्हाला न्याय्य वाटली. शाळेच्या फोटोंचे निम्मे काम अजूनही त्यावरच होते. पण फाटलेला चेहरा जोडण्याचे बारीक काम त्याचे नव्हे.

मोफत म्हटले की एक धोकाही सांगायला हवा. पिकासा अनेकांना आठवत असेल. गुगलने ते २००४ मध्ये घेतले, फुकट वाटले, आपल्याकडे घरोघरी पोहोचले, आणि २०१६ मध्ये बंद केले. वस्तू फुकट असली तरी ती ठेवायची की बंद करायची, हे ठरवणारा मालक दुसराच असतो.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. आपण भाषेच्या बाबतीत श्रीमंत. आपल्याकडे मोफत वेगळे आणि मुक्त वेगळे, मुफ्त वेगळे आणि आझाद वेगळे. पिकासा मोफत होते, मुक्त नव्हते. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची घडण सर्वांना खुली असते. ते वापरायला, वाटायला, बदलायला कोणाची आडकाठी नसते, आणि मूळ करणारे थकले तर दुसरे कोणी पुढे नेऊ शकते. शेजाऱ्याला प्रत दिली तर ती चोरी नव्हे, उलट तीच रीत आहे.

असे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे गिम्प. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते सुरू केले. ते दोघे पुढे आपापल्या वाटेने गेले, तरी काम थांबले नाही. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. तीस वर्षे लोक आपल्या वेळातून ते सांभाळत आहेत. आमच्या चारही प्रश्नांना ते उतरले.

सगळे गोड होते असे मात्र नाही. गिम्प पहिल्या दिवशी पाहुण्याला बसायला खुर्चीही देत नाही. चिन्हे अनोळखी, मेनू लांबलचक. 'सेव्ह' केले की फोटो एक्ससीएफ नावाच्या त्याच्या खास रूपात जपला जातो, तो मोबाइलवर उघडत नाही. लोकांना पाठवायची जेपीजी प्रत हवी तर 'एक्सपोर्ट' असे वेगळे करावे लागते. यात शहाणपण आहे, कारण एक्ससीएफमध्ये कामाचे सगळे थर सुटे राहतात. पण ते कळायला आठवडा जातो. पैसे वाचतात ते वेळाच्या रूपाने द्यावे लागतात. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे तेवढीच दौलत होती.

आज कोणी विचारले तर आणखी एक नाव सांगू. अफिनिटी हे सॉफ्टवेअर पूर्वी एकदा पैसे भरून घ्यावे लागे. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ते मोफत केले. कृत्रिम बुद्धीच्या सोयी तेवढ्या वर्गणीदारांसाठी राखल्या आहेत. नवा संगणक असलेल्याने ते जरूर पाहावे. फक्त मोफत आणि मुक्त यांतला फरक विसरू नये.

तिसरा प्रश्न उर्दूचा होता, आणि तो आमच्यासाठी लहान नव्हता. नस्तालीक लिपीत अक्षरे एका ओळीत सरळ उभी राहत नाहीत. शब्द वरून खाली तिरपा उतरतो, शेजाऱ्याप्रमाणे अक्षराचे रूप बदलते, नुक्ते जागा शोधत बसतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये उर्दू नाव लिहिले की अक्षरे सुटी होऊन उलट्या रांगेत उभी राहतात. मराठीचे दुखणे वेगळे, तिथे वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दिल्लीत घडलेले इनपेज १९९४ मध्ये आले आणि उर्दू छपाईचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला. पण आम्हाला अक्षरे थेट फोटोखाली हवी होती. गिम्पमध्ये ती जागच्या जागी बसली. शोध घेतला तेव्हा कळले की अक्षरे जुळवण्याचे हे काम हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फाहबोद हे त्याचे कर्ते. हे नाव फारसीतल्या 'हर्फ-बाज'वरून आले, म्हणजे खुले अक्षर. आमच्या उर्दूत कबूतरबाज, पतंगबाज असतात, त्या चालीवर हर्फबाज म्हटले तर अक्षरांचा शौकीन वाटेल. दोन्ही अर्थ शोभतात. मोबाइलवर आपण उर्दू-मराठी वाचतो त्यामागेही पुष्कळदा हाच हर्फबाज बसलेला असतो. दादीचे नाव नस्तालीकमध्ये आणि त्याखाली देवनागरीत उमटले तेव्हा फोटो दुरुस्त व्हायचा होता, तरी अर्धे काम झाल्यासारखे वाटले.

दादीचा फोटो पूर्ण व्हायला मात्र दोन-तीन वर्षे लागली. हात बसेपर्यंत आम्ही त्याला शिवलो नाही, दुसऱ्या फोटोंवर शिकत राहिलो. मग एका सुट्टीत गोरेगावच्या फुफी राहायला आल्या. गोरेगाव म्हणजे आपल्या रायगडातले, मुंबईचे नव्हे. दादीच्या मुलांत आता त्या एकट्याच आहेत. आम्ही फोटो काढून बसलो तसा भाचा म्हणाला, "मामू, एवढा वेळ कशाला? एका मिनिटात करून देतो." त्याच्या मोबाइलमध्ये चेहरे उजळणारे एक अ‍ॅप होते. खरोखरच मिनिटभरात फोटो झाला. कातडी तुळतुळीत, डोळे चमकदार, गेलेला कोपराही भरून निघालेला. त्याने तो फुफींसमोर धरला.

फुफींनी चष्मा लावून नीट पाहिले. म्हणाल्या, "बाई देखणी आहे. पण ही कोण?"

कोणी काही बोलले नाही. त्यांनी मूळ फोटो मागून घेतला, त्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "आईच्या गालावर तीळ होता. तो कुठे टाकलात?"

अ‍ॅपने तो डाग समजून पुसला होता. यात त्या अ‍ॅपचा दुष्टपणा नाही. असे सॉफ्टवेअर असंख्य चेहऱ्यांवर पोसलेले असते. जिथे काही दिसत नाही तिथे 'बहुधा असे असेल' म्हणून ते भर घालते. पण आमच्या दादीच्या चेहऱ्याची जगात उरलेली नोंद त्या पासपोर्टाएवढ्या कागदावर होती आणि फुफींच्या आठवणीत होती. तिसरीकडे कुठेच नव्हती. बाकीचे जे काही भरले ते कोणा परक्यांकडून उसने आणलेले होते.

मग फुफींना शेजारी खुर्ची दिली. गिम्पमध्ये डाग भरायची दोन हत्यारे मुख्य. क्लोन एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे नेते. हील तो नेताना नव्या जागेच्या उजेड-सावलीशी मिळवून घेते. चेहऱ्याला हील बरे, कपड्याच्या काठाला क्लोन. काम वेगळ्या थरावर करायचे, म्हणजे नको वाटले तर तेवढाच थर उचलता येतो आणि खालचा मूळ फोटो अबाधित राहतो. आम्ही माउस फिरवत होतो आणि फुफी सांगत होत्या, "हा डाग. हा पण डाग. थांब, त्याला हात लावू नकोस, तो तीळ." दोन तास गेले. मध्येच त्या हजच्या जहाजाला निरोप द्यायला कोण कोण गेले होते ते सांगू लागल्या, आम्ही माउस सोडून ऐकत बसलो. गेलेला कोपरा आम्ही भरला नाही. तिथे साधा करडा रंग ठेवला. जे नाही ते नाही.

त्याआधी, २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुरात महाड बुडाले, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांचे फोटो आमच्याकडे येऊ लागले होते. त्या अनुभवातून कळलेल्या दोन-चार गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडतील. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलकेच सुटे करावेत, फार दिवस पाण्यात राहू देऊ नयेत, आणि चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. काचेला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नये, काचेसकट स्कॅन करावा. स्कॅन करताना कंजुषी नको. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ६०० डीपीआयने घेतला तर ३०० डीपीआयच्या छपाईत तो दुप्पट, म्हणजे सात बाय नऊ सेंटिमीटर होतो. १२०० ने घेतला तर चौपट. स्कॅनची पहिली प्रत टिफमध्ये बाजूला ठेवावी आणि तिच्यावर कधीच काम करू नये. जगातले सर्वांत महाग सॉफ्टवेअरही खराब स्कॅनमधून चेहरा काढू शकत नाही.

महाडच्याच एका गृहस्थांनी वेगळी मागणी केली. वडिलांची उमर कुवेतमध्ये गेली, तिथेच त्यांचे निधन झाले. आई-वडिलांचा एकत्र फोटो एकही नाही. वडिलांचा पासपोर्टचा आणि आईचा रेशनकार्डाच्या वेळचा, असे दोन फोटो देऊन ते म्हणाले, "दोघांना शेजारी बसवून द्या." करणे अवघड नव्हते. उजेडाची दिशा जुळवली, रंग एकसारखा केला. पण खाली दोन्ही लिप्यांत एक बारीक ओळ लिहिली : दोन वेगळ्या फोटोंवरून जोडलेले. त्यांचा चेहरा जरा उतरला. "ही ओळ काढता येईल का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, आधी आईला दाखवा, त्या सांगतील तसे करू. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आईने ओळ वाचली आणि म्हणाली, बरे केले लिहिले ते. नाहीतर नातवंडांना वाटले असते, आम्ही दोघे कधी स्टुडिओत गेलो होतो.

आमच्या हिशेबाच्या वहीत सॉफ्टवेअरपुढे अजून शून्य आहे. तरी स्वस्त कशाला म्हणावे, याचा अर्थ आमच्यापुरता बदलला. ज्याला कमी पैसे पडतात ते स्वस्त, हे खरेच. पण जे एका मिनिटात घरातले माणूस परके करून देते ते फुकट असूनही महाग पडते. सॉफ्टवेअर असे असावे की ज्याच्यासमोर घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवता येईल, आणि कोणता डाग, कोणता तीळ हे ठरवायचा हक्क त्यांच्याकडे राहील.

यंदा आगोटीच्या आधी आम्ही नववीच्या मुलांना एक गृहपाठ देणार आहोत. घरातली पेटी उतरवायची, जुने फोटो काढायचे आणि दादी-नानीला विचारून प्रत्येकाच्या मागे नाव, नाते आणि गाव लिहायचे. बॉलपेनने नव्हे, मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. स्कॅन पुढच्या वर्षी केला तरी चालेल. सॉफ्टवेअर तर वर्षागणिक स्वस्तच होत चालले आहे. नावे सांगणारी माणसे मात्र पुढच्या वर्षी असतीलच असे नाही.